हिरवा टॅग

निंबार्तेंच्या तेरवीला भिलाईजवळच्या पद्मनाभपुरच्या त्यांच्या घरी बरीच माणसं जेवायला आली होती. पंगती उठल्या, लोकांनी हात धुतले आणि अंगणात खुर्च्या टाकून बसले. अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल कोणीतरी चार बरे शब्द बोलतं, तशी रीत आहे. पण तिथे नगरपालिकेच्या नाल्यांवर बोलणं झालं, बुंदी कोणत्या आचाऱ्याने पाडली यावर झालं, कोणाचा जावई कुठे लागला यावर झालं. निंबार्तेंचं नाव कोणी काढलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून सगळे गप्प होते आणि चांगलं कोणाला आठवत नव्हतं. मला एक आठवत होतं, पण ते बुंदी खाऊन सांगण्यासारखं नव्हतं.

भिलाईत आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहायचो. निंबार्ते खालच्या क्वार्टरमध्ये, मी वरच्या. स्टील प्लांटमध्येही आमचं शॉप, म्हणजे वर्कशॉप, एकच. जळालेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या, त्यांच्या आतली तार, म्हणजे वाइंडिंग, काढून नवी भरायची, तपासायची आणि परत पाठवायची. निंबार्ते तिथे फोरमन आणि मी टाइम ऑफिसचा, हजेरी लिहिणारा बाबू. निंबार्ते उंचीने बेताचे, पँट बेंबीच्या वर, केसांना खोबरेल तेल, आणि बोलायच्या आधी नाकाने जोरात हवा ओढायची सवय. मोटर जळाल्याचा वास त्यांना शॉपच्या दारातूनच यायचा. मोटर गरम आहे का हे ते हाताच्या मागच्या बाजूने बघत. चहाचा कप, शेगडीवरचा तवा, तापलेल्या पोराचं कपाळ, सगळ्यांना हाताची मागचीच बाजू.

काम म्हणावं तर एक नंबर होतं, हे मी नाइलाजाने लिहितोय. मोटर तपासून झाली की ते तिला टॅग बांधत. हिरवा टॅग म्हणजे ओके. लाल टॅग म्हणजे कंडम, भंगारात. टॅगवर खाली सहीची जागा, तिच्या वर कारणाची ओळ. सही नसलेला टॅग निंबार्ते फाडून टाकत, आणि कोणी एखादी मोटर कंडम म्हणाला की लगेच विचारत, "कारण?" कारण सांगता आलं नाही तर त्या माणसाची धडगत नसे.

इथवर ठीक होतं. पण हा माणूस टॅग माणसांनाही बांधायचा.

साहू नावाचे एक जुने हेल्पर रिटायर झाले त्या दिवशी शॉपमध्ये हार-तुरे झाले, समोसे झाले. साहूंचे डोळे भरून आले होते. निंबार्ते पुढे आले, नाकाने हवा ओढली, आणि हारावरून साहूंच्या गळ्यात लाल टॅग घातला. "बॉडी ठीक है, वाइंडिंग गया," असं कारणही म्हणून दाखवलं. सगळे हसले. साहूही हसले, न हसून करतात काय. मग मी सायकल स्टँडवर गेलो तर साहू सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडत होते, टॅग गळ्यातच होता.

दुसरा किस्सा एका नव्या इंजिनिअरचा. क्रेनच्या मोटरवर काम करताना त्याने मेन सप्लाय काढली, पण कंट्रोलची दुसरी सप्लाय वेगळीकडून येत होती, ती तशीच राहिली. हात लावला आणि झटका बसला. पोरगा भिंतीवर जाऊन आदळला. बाकी कोणी पाणी दिलं असतं, बसवलं असतं. निंबार्तेंनी त्याला जेवणाच्या सुट्टीत लाल टॅग घालून शॉपच्या दारात उभं केलं. हुद्द्याने तो त्यांच्या वरचा होता, पण चूक अशी होती की त्याला तोंड वर करता येईना. येणाऱ्या-जाणाऱ्याला निंबार्ते सांगत होते, "सप्लाई कितनी है, गिना ही नहीं साहब ने. डिग्री है." पुढे कित्येक महिने ते हे वाक्य म्हणत होते. त्या इंजिनिअरने शेवटी बदली मागून घेतली.

घरी वेगळं नव्हतं. सुमनवहिनींनी वाढलेली भाजी पहिल्या घासाला पास किंवा फेल व्हायची. मधलं काही नाही. पास झाली तर ते गुपचूप जेवायचे, एवढीच शाबासकी. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, एवढ्या वर्षात ह्यायनं मले बरं म्हनलं नाही. आता म्हनलं त मले भेवच वाटन."

मयूर त्यांचा एकुलता एक. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला त्या आठवड्यात साकोलीहून त्याचे मामा-मामी आले होते. मलाही चहाला बोलावलं होतं. मयूर ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आला. निंबार्ते उठले, खिशातून लाल टॅग काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

"पाहा पाव्हणे," ते मेहुण्याला म्हणाले, "आमच्या घरचा तयार माल."

मामा हसले. मयूरने तो टॅग घालूनच सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं, आणि ट्रे घेऊन आत गेला. आत वहिनींनी विळीवर त्या टॅगचा धागा कापला, ते मला बसल्या जागेवरून दिसलं. तेव्हा मला निंबार्तेंच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि आजही त्या आठवणीने हात शिवशिवतो.

मयूर मग बी.एस्सी.ला गेला आणि फावल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ, कॉम्प्युटरवर खेळू लागला. पाच-पाच जणांच्या टीमचा नेमबाजीचा खेळ होता. पोरगं त्यात खरंच तयार होतं. पण लॅपटॉप होता अभ्यासासाठी घेतलेला, हलका. समोरचा गडी गोळी मारून निघून जायचा आणि मयूरच्या पडद्यावर तो अजून दारातच उभा असायचा. भिलाईतल्याच सुपेल्यातलं एक सायबर कॅफे बंद पडलं, तिथून मयूरने मोठ्या कॉम्प्युटरमधलं एक ग्राफिक कार्ड आणलं. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून आतल्या एका खाचेतून पट्टीसारखी वायर बाहेर काढली, तिच्या टोकाला एका छोट्या बोर्डावर ते कार्ड उभं केलं आणि त्याला करंट द्यायला जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायचा डबा जोडला. टेबलावर सगळं उघडंवाघडं, पण खेळ एकदम लोण्यासारखा चालायला लागला.

निंबार्तेंनी ते पाहिलं तेव्हा मी तिथेच होतो. ते दारात उभे राहिले, नाकाने हवा ओढली.

"हे का होय?"

"ग्राफिक कार्ड."

"ते आत राहाते ना?"

"आतलं कमजोर आहे. म्हणून बाहेरून लावलं."

निंबार्तेंनी हाताची मागची बाजू कार्डाजवळ नेली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "मशीनचं आतडं बाहेर काढून बसला. घर आहे का कसाईखाना? तो डबा आन् त्या वायरी मले दिसल्या नाही पाहिजे."

मयूरने दुसऱ्याच दिवशी पॉवर सप्लायचा डबा पलंगाखाली सरकवला. त्याची पिन पलंगामागच्या प्लगला लावली. टेबलावर राहिले लॅपटॉप आणि कार्ड.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवसापासून निंबार्ते शॉपमध्ये ज्याला-त्याला हे सांगत सुटले. वरून शिव्याच. "आमच्या पोट्ट्यानं लॅपटॉपचं पोट फाडलं." पण सांगता सांगता खडू घ्यायचे आणि मोटरच्या अंगावर आकृती काढायचे. इथे लॅपटॉप, इथे वायर, इथे कार्ड. कँटीनवाल्याला सांगितलं, स्टोअरवाल्याला सांगितलं. एकदा मी मागे उभा होतो ते त्यांना दिसलं नाही. ते एका म्हाताऱ्या फिटरला म्हणत होते, "लहान गाडीले बाहेरून मोठं इंजिन जोडलं त्यानं. कोनी शिकवलं नाही. डोकं लागते त्याले." मग मी दिसलो. चेहरा लगेच बदलला. "काम नाही का तुमाले, बाबू?"

त्याच सुमारास बंगलोरच्या एका टीमने मयूरला निवड चाचणीला बोलावलं. घरी बसूनच ऑनलाइन खेळायचं, पण त्यात टिकला तर टीममध्ये जागा, तिकडे जाऊन राहणं, सगळं. मयूर मला जिन्यात म्हणाला, "काका, एकच चान्स आहे. ह्याच्यानंतर मले घरातून निघता येते." त्याच्या दृष्टीने ते बंगलोर नव्हतं, ते घराबाहेर होतं. चाचणी होती विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, संध्याकाळी.

विश्वकर्मा पूजेचा दिवस आमच्याकडे मोठा. त्या दिवशी मशीनवर काम नसतं, मशीनची पूजा असते. घरची मंडळी शॉप बघायला येतात. वर्षातला तो एकच दिवस निंबार्ते कोणाला काही बोलत नसत. अंघोळ करून, नवा शर्ट घालून ते प्रत्येक मशीनला ओलं कुंकू लावत, फुलाने पाणी शिंपडत, नारळ फोडून त्याचं पाणी लोखंडावर सोडत. वाइंडिंगच्या जुन्या मशीनला कपाळ टेकवत. टनाटनाच्या त्या मशीनी, त्यांना पाण्याचं काय.

त्या वर्षी दुपारी शॉपमधली पूजा आटोपल्यावर मला म्हणाले, "चाला बाबू. घरची एक मशीन बाकी आहे."

मला वाटलं स्कूटर. पण ते ताट घेऊन थेट मयूरच्या खोलीत गेले. मयूर केस कापायला गेला होता, चाचणीत कॅमेरा चालू ठेवायचा होता म्हणून. वहिनी स्वयंपाकघरात. निंबार्तेंनी लॅपटॉप बंद केला, त्याचा प्लग काढला, मला दाखवला. "सप्लाय काढल्याबिगर हात नाही लावाचा." मग कार्डाला कुंकवाचं बोट लावलं. अक्षता टाकल्या. झेंडूचं फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. आणि खिशातून एक टॅग काढला, हिरवा. त्यावर ओके लिहिलेलं होतं, खाली त्यांची सही, दोन रेघा ओढलेली. तो त्यांनी कार्डाला बांधला. गाठ मनासारखी बसेना म्हणून दोनदा सोडून परत मारली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बायकोला, पोराला, शॉपमधल्या कोणत्याही माणसाला त्या हाताने हिरवा टॅग कधी दिला नव्हता.

"पोट्टा आला की पाहीन," ते म्हणाले, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला.

नारळाचं पाणी कार्डावर उडालं. चट् असा आवाज झाला, एक निळी ठिणगी, आणि वास. निंबार्तेंना नाकाने हवा ओढावी लागली नाही. वास काय आहे हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. ते वाकले, पलंगाखाली बघितलं. डबा तिथे होता, त्याची पिन मागच्या प्लगमध्ये होती, आणि डब्याचा पंखा मजेत फिरत होता. दुसरी सप्लाय.

ते सरळ झाले तेव्हा मयूर दारात उभा होता. मानेवर कापलेल्या केसांचे तुकडे चिकटलेले. त्याने कुंकू पाहिलं, पाणी पाहिलं, वास घेतला. मग टॅग हातात घेऊन वाचला.

"बाबा, हे काय?"

मी म्हणालो, "अरे मयूर, त्यांनी पूजा…"

"तुमी मधात बोलू नका, बाबू."

एक शब्द पुरला असता. चुकलो, एवढाच. पण तो शब्द म्हणायचा म्हणजे दुसरी सप्लाय मोजली नाही असं म्हणायचं. ज्या चुकीसाठी एका इंजिनिअरला दारात उभं केलं, तीच आपण स्वतःच्या घरात केली, असं बाबूसमोर आणि पोरासमोर म्हणायचं. निंबार्तेंनी नाकाने हवा ओढली आणि मला कळलं की ते म्हणणार नाहीत. मूर्ख ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं त्यांना परवडणारं होतं, त्याची सवय होती.

"टेस्टिंग केली," ते म्हणाले. "तुही मशीन फेल. एवढ्याशा पाण्यात गेली. अशा मशीनवर जिंदगी लावून राहिला का तू?"

"आन् हे ओके कावून लावलं?"

निंबार्ते वाकून नारळाची भकलं गोळा करू लागले. मयूरने टॅगचा धागा तोडला, टॅग त्यांच्या पूजेच्या ताटात ठेवला आणि बाहेर गेला. वहिनी पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि परत गेल्या.

मी मयूरच्या मागे गेलो. जिन्याखाली त्याला गाठून सगळं सांगितलं. टॅग मनापासून होता, गाठ दोनदा सोडून बांधली, शॉपमध्ये खडूने आकृत्या काढतात, सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मले वाटलंच काका. त्याहीचं तोंड पाह्यलं मी. लेकिन त्याहीनं सांगाव ना. एक बार. गलती झाली म्हनाव, बस. मी खेळ-बिळ सब भूल जातो."

मी परत आत जाऊन निंबार्तेंना तेही सांगितलं. ते ताटातल्या अक्षता वेचत होते. "तुमी हजेरी लिहा, बाबू," ते म्हणाले. "माह्या घरातली नका लिहू."

संध्याकाळी मयूर नुसत्या लॅपटॉपवर चाचणीला बसला. लगेच बाद झाला. टीमने दुसरा पोरगा घेतला. पुढे मयूर रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला, मोटरीच्या दुरुस्तीवरच. बापाने शिकवलेलं तेवढंच कामाला आलं. निंबार्ते रिटायर झाले. त्यांच्या निरोपाला मी होतो. हार घालायला लोक आले आणि समोसे खाऊन गेले. क्वार्टर सोडून तिघं पद्मनाभपुरला राहायला गेली. बाप-लेक एका छपराखाली राहायचे, एका कुकरचं खायचे, आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं ते वहिनींमधून. "त्याले सांग." "त्याहीले सांग." वहिनी बिचारी दोन्हीकडचे शब्द वाहून थकली.

मी निंबार्तेंना शेवटचं पाहिलं ते त्या घराच्या व्हरांड्यात, एका दुपारी. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बरेच वाळले होते. समोर स्टुलावर वर्तमानपत्र, त्यावर तेच कार्ड. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात दात घासायचा ब्रश. कार्डाच्या बारीक पत्र्यांमधून कुंकू काढत होते.

"अजून लाल निघते," ते म्हणाले.

"निंबार्तेजी, राहू द्या आता. असलं कार्ड आता कोणी वापरतही नाही."

"एक पॉइंट गेला आहे कोठं तरी. सापडला की झालं." मग भिंगातूनच माझ्याकडे बघत, "तुमाले समजत नाही त्याच्यात कशाले बोलता?"

मयूर तेवढ्यात ड्यूटीवरून आला. तोंडावर काळी धूळ, हातात हेल्मेट. "काका, कवा आले?" म्हणाला. चेहरा भरला होता, आवाज जाड झाला होता. बापाच्या मागून आत जाता जाता थांबला, पिशवीत हात घातला आणि एक लाल टॅग काढला. रसमड्यालाही टॅग तेच असतात. टॉवेल टांगावा इतक्या सहज त्याने तो बापाच्या खुर्चीच्या पाठीला टांगला.

निंबार्तेंना खांद्याला धागा लागला. त्यांनी मागे हात नेऊन टॅग पुढे ओढला, भिंगाने वाचला. आणि नोकरीभराच्या सवयीने तोंडातून गेलं, "कारण?"

इतक्या वर्षांत बाप पोराशी थेट बोललेला तो पहिला शब्द असावा. वहिनी चहा घेऊन दारात थांबल्या.

"तुमी सांगा," मयूर म्हणाला. "तुमालेच मालूम आहे."

निंबार्तेंचे ओठ हलले. ब्रश थांबला. आम्ही तिघं त्या तोंडाकडे बघत होतो, आणि मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, आता तरी बोल. त्यांनी नाकाने हवा ओढली.

"चहा घ्या, बाबू. थंडा होऊन राहिला."

मयूर हसला. नाकातून, एका बाजूने, अगदी बापाचं हसणं. तो आत गेला. मी चहा कसाबसा संपवला आणि उठलो.

फाटकाशी स्कूटर काढताना मागे वळून पाहिलं. निंबार्तेंनी टॅग खुर्चीवरून सोडवला होता. वाटलं, फाडतील. त्यांनी धागा मोठा केला आणि तो स्वतःच्या गळ्यात घातला. कंडम ही अक्षरं बाहेरून दिसतील असा टॅग छातीवर नीट केला आणि परत ब्रश उचलला. मयूर टॉवेल खांद्यावर टाकून दारात आला होता. त्याने ते पाहिलं. मग आत आवाज दिला, "माय, त्याहीले सांग, सही नसली त टॅग चालत नाही."

निंबार्तेंचा हात शर्टाच्या खिशावर गेला. रिटायर झाल्यापासून ते पेन ठेवत नव्हते.

"बाबू," त्यांनी मला हाक मारली, "पेन आहे का?"

माझ्या खिशात पेन असतोच. मी फाटकातून परत आत गेलो आणि दिला. त्यांनी टॅग गळ्यातच ठेवून तळहातावर धरला आणि सही केली, नेहमीची, खाली दोन रेघा ओढून. मग पेन वरच्या कारणाच्या ओळीवर नेला. मयूर दारातच उभा होता. पेन तिथे थोडा वेळ टेकला, शाईचा एक ठिपका पडला, आणि निंबार्तेंनी पेनचं टोपण लावून तो मला परत दिला.